बोरोदिनोचे रणक्षेत्र

किल्ला म्हटला म्हणजे दगडी तट, बुरूज, खंदक आणि लोखंडी खिळे ठोकलेला दरवाजा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या किल्ल्यांसाठी हजारो माणसांनी प्राण दिले, असे कित्येक किल्ले केवळ मातीचे होते. ते दोन-चार दिवसांत घाईघाईने रचले गेले आणि एका दिवसाच्या लढाईत पडले. त्यांत कोणी राजा राहिला नाही, की त्यांच्या तटांवर कोणी पहारे बसवले नाहीत. तरीही अशा मातीच्या किल्ल्यांची आठवण ठेवण्यासाठी पुढे दगडाची आणि लोखंडाची स्मारके उभी राहिली. रशियातील बोरोदिनो हे असे एक ठिकाण होय. तेथील लढाईची हकीकत पुष्कळांनी वाचलेली असते. तेथील स्मारकांची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. वस्तुतः ती लढाईइतकीच बोधप्रद आहे.

मॉस्को शहराच्या पश्चिमेस सुमारे १२५ किलोमीटरांवर, मोजाइस्क या जुन्या गावाच्या थोडे पलीकडे, बोरोदिनो नावाचे एक लहानसे खेडे आहे. कोलोचा नावाची छोटी नदी गावाजवळून वाहत जाऊन पुढे मॉस्कवा नदीला मिळते. सभोवार चढउताराची शेतजमीन, मधून मधून ओढ्यांच्या घळी आणि बर्चची राने. यापलीकडे प्रवाशाने थांबून पाहावे असे तेथे काही नव्हते. परंतु स्मोलेन्स्कहून मॉस्कोकडे जाणारे जुने व नवे असे दोन्ही रस्ते या परिसरातून जात होते, आणि मॉस्कोवर चालून येणाऱ्या शत्रूला अडवायचे तर ते येथेच, या कारणाने या खेड्याचे नाव इतिहासात दाखल झाले.

१८१२ च्या जून महिन्याच्या २४ तारखेला नेपोलियनच्या फौजा नेमान नदी ओलांडून रशियाच्या हद्दीत शिरल्या. त्या सैन्यात फ्रेंच तर होतेच, परंतु पोलिश, जर्मन, इटालियन असे युरोपातील निरनिराळ्या देशांचे शिपाईही होते. त्या वेळी रशियन सैन्याची मुख्य सूत्रे बार्कले द तोली या सेनापतीच्या हाती होती. त्याने एक गोष्ट नीट ओळखली होती, ती ही की, एवढ्या प्रचंड सैन्याशी सरहद्दीवर झुंज देणे म्हणजे आपण होऊन नाशाला आमंत्रण देणे होय. म्हणून तो मागे मागे हटत राहिला. त्याची ही नीती शहाणपणाची होती. परंतु माघार घेणाऱ्याचे शहाणपण त्या वेळी कोणालाच रुचत नाही. शिवाय त्याचे घराणे मूळचे स्कॉटलंडचे. तेव्हा हा परका मनुष्य आपला देश शत्रूच्या घशात घालीत आहे, अशी कुजबूज सैन्यात आणि दरबारात सुरू झाली.

ऑगस्टच्या मध्यास स्मोलेन्स्क येथे मोठी लढाई झाली. स्मोलेन्स्कचा किल्ला खराखुरा किल्ला होता. फ्योदर कोन या स्थपतीच्या देखरेखीखाली १६व्या शतकाच्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले आणि १६०२ साली पुरे झाले. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा तट आणि त्यावर ३८ बुरूज असा त्याचा विस्तार होता. परंतु तोफांच्या माऱ्याने शहर पेटले आणि रशियन सैन्याला ते सोडून जावे लागले. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात परतीच्या वाटेवर असलेल्या फ्रेंचांनी जाता जाता या किल्ल्याचे काही बुरूज सुरुंगाने उडवून दिले. दोनशे वर्षांचा दगडी तट मॉस्कोची वाट अडवू शकला नाही. त्यानंतर ती अडवण्याचे काम मातीकडे आले.

स्मोलेन्स्क गेल्यावर झार पहिला अलेक्झांडर याला लोकमतापुढे मान तुकवावी लागली. त्याने कुतुझॉव्ह याला सरसेनापती नेमले. कुतुझॉव्ह साठी ओलांडलेला, स्थूल, तुर्कांशी झालेल्या युद्धांत दोनदा डोक्याला गोळी लागूनही वाचलेला असा जुना योद्धा होता. बार्कलेची माघारीची नीतीच बरोबर आहे, हे त्यालाही कळत होते. तथापि एक मोठी लढाई दिल्यावाचून मॉस्को सोडली, तर सैन्याचे आणि देशाचे मन मोडेल, हेही तो जाणून होता. म्हणून त्याने बोरोदिनोचे मैदान निवडले.

या मैदानावर रशियनांनी मातीची जी कामे केली, त्यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. उजवीकडे कोलोचा नदीचा काठ उंच असल्यामुळे ती बाजू निसर्गतःच सुरक्षित होती. डावी बाजू मात्र उघडी होती. त्या बाजूला, शेवार्दिनो या गावाजवळ, सर्वांच्या पुढे एक पंचकोनी दमदमा उभारण्यात आला. त्याच्या मागे सेम्योनोव्हस्कोये गावाजवळ तीन मोर्चे रचण्यात आले. त्यांचा आकार बाणाच्या टोकासारखा होता. म्हणजे शत्रूकडे टोक आणि आपल्याकडची मागची बाजू मोकळी. या बाजूचे सेनापतिपद प्रिन्स बाग्रातिओन याच्याकडे असल्यामुळे त्या मोर्चांना पुढे त्याचेच नाव पडले. मध्यभागी एका उंचवट्यावर मोठा दमदमा होता. तेथे रायेव्हस्की या सेनापतीचे पायदळ असल्यामुळे तो रायेव्हस्कीचा दमदमा म्हणून ओळखला जातो. माती खणावी, तिचा बांध घालावा, काठ्यांनी व फांद्यांच्या जुड्यांनी तो आवळावा आणि मागे तोफा मांडाव्यात, एवढेच हे बांधकाम. वेळ इतका थोडा होता की, काही काम लढाईला तोंड लागले तेव्हाही अपुरेच होते.

५ सप्टेंबर रोजी शेवार्दिनोचा दमदमा पडला. एक दिवस दोन्ही सैन्ये एकमेकांकडे पाहत थांबली. ७ सप्टेंबरच्या पहाटे, म्हणजे रशियातील तत्कालीन जुन्या पंचांगाप्रमाणे २६ ऑगस्टला, तोफांना सुरुवात झाली. दोन्ही बाजूंची मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसे आणि बाराशेच्या आसपास तोफा त्या अरुंद मैदानात समोरासमोर उभ्या होत्या.

सकाळचा सारा वेळ बाग्रातिओनच्या तीन मोर्चांसाठी झगडा चालला. फ्रेंचांनी ते घ्यावेत, रशियनांनी संगिनींनी त्यांना बाहेर लोटावे, पुन्हा फ्रेंचांनी यावे, असे अनेकदा घडले. या झगड्यात बाग्रातिओनच्या पायाला जखम झाली आणि त्याला मैदानातून न्यावे लागले. ती जखम चिघळून १७ दिवसांनी त्याचा अंत झाला. मोर्चे फ्रेंचांच्या हाती गेले. एवढ्यात उवारॉव्ह आणि प्लातॉव्ह यांच्या घोडदळाने कोलोचा ओलांडून फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर चाल केली. त्या चालीने प्रत्यक्ष लाभ थोडा झाला. परंतु नेपोलियनचे लक्ष तिकडे वेधले जाऊन मध्यभागावरील मोठा हल्ला लांबला. दुपारी तीनच्या सुमारास तो हल्ला झाला आणि रायेव्हस्कीचा दमदमाही पडला. त्या दमदम्यात शिरताना फ्रेंच सेनापती कोलँकूर ठार झाला. आणि त्याच दमदम्याच्या परिसरात त्याआधी रशियन तोफखान्याचा तरुण प्रमुख कुताइसॉव्ह पडला होता. त्याचे प्रेत कधीच सापडले नाही. ज्याला लोकांनी परका ठरवले होते, तो बार्कले त्या दिवशी जेथे गोळ्यांचा वर्षाव अधिक तेथे मुद्दाम जाऊन उभा राहत होता. तो मरणच शोधीत आहे, असे पाहणाऱ्यांना वाटले. त्याच्याखालचे घोडे पडत गेले; तो मात्र वाचला.

सायंकाळी तोफा थंडावल्या तेव्हा मातीचे सारे किल्ले फ्रेंचांच्या ताब्यात होते; परंतु रशियन सैन्य मोडले नव्हते. ते थोडे मागे सरून पुन्हा रांगा धरून उभे होते. नेपोलियनने आपले राखीव शरीररक्षक दल शेवटपर्यंत लढाईत घातले नाही. रात्र उलटण्याच्या सुमारास कुतुझॉव्हने माघारीला आरंभ केला. सहा दिवसांनी फिली या गावातील एका शेतकऱ्याच्या घरात सेनापतींची मसलत झाली आणि मॉस्को सोडण्याचे ठरले. १४ सप्टेंबरला फ्रेंच मॉस्कोत शिरले.

मग बोरोदिनोची लढाई जिंकली कोणी? इतिहासाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारला जावा असा आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कुतुझॉव्हने झारला यशाची वार्ता कळवली आणि त्याला फील्डमार्शलचा किताब मिळाला. नेपोलियननेही विजय आपलाच म्हणून जाहीर केले आणि आपला सेनापती ने याला ‘मॉस्कवाचा प्रिन्स’ असा किताब दिला. कारण फ्रेंच लोक या लढाईला मॉस्कवाची लढाई म्हणतात. पॅरिसच्या विजयकमानीवर हे नाव कोरलेले आहे. म्हणजे एकाच दिवसाचा विजय दोन देशांच्या दगडांवर मिरवतो आहे. एवढे मात्र खरे की, नेपोलियनला मैदान मिळाले, मॉस्कोही मिळाली. परंतु ज्या सैन्याचा नाश करावयाचा होता ते निसटले, आणि ज्या सैन्याच्या बळावर तो करावयाचा होता ते झिजले.

दोन्हीकडचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास लोक त्या एका दिवसात ठार झाले किंवा जखमी झाले. जळून गेलेल्या मॉस्कोतून १९ ऑक्टोबरला नेपोलियन बाहेर पडला. दक्षिणेकडच्या सुपीक मुलखातून परत जावे, हा त्याचा बेत मालोयारोस्लाव्हेत्स येथील लढाईनंतर बारगळला आणि त्याला आल्या वाटेनेच परतावे लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचे सैन्य पुन्हा बोरोदिनोच्या मैदानावरून गेले. सात आठवडे लोटले होते, तरी प्रेते जागच्या जागी पडून होती. आपल्याच सोबत्यांना त्या स्थितीत पाहत, शक्यतो न थांबता, ते सैन्य पुढे निघून गेले.

मेलेल्यांची व्यवस्था पुढे रशियन अधिकाऱ्यांनी आसपासच्या खेडुतांना कामाला लावून केली. बहुतेक प्रेते लाकडाच्या चितांवर जाळली गेली, काही पुरली गेली. सरकारी नोंदींप्रमाणे सुमारे ५८,००० माणसांची आणि ३५,००० घोड्यांची प्रेते अशा रीतीने नाहीशी करण्यात आली. चितेवर कोण मित्र, कोण शत्रू, हे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. ज्या मातीसाठी दोन्ही बाजू झगडल्या, त्याच मातीत दोघांची राख मिसळली.

या मैदानावरचे पहिले स्मारक कोणी उभारले? झारने नव्हे, सेनापतींनी नव्हे. ते एका विधवेने उभारले.

अलेक्झांडर तुचकॉव्ह हा रशियन सैन्यातील एक तरुण मेजर-जनरल होता. तुचकॉव्ह हे लढवय्यांचेच घराणे. त्या वर्षी त्याचा एक भाऊ फ्रेंचांच्या कैदेत पडला आणि दुसरा याच लढाईत झालेल्या जखमेने पुढे वारला. अलेक्झांडर स्वतः मोर्चांजवळच्या झगड्यात, डगमगलेल्या आपल्या पलटणीचे निशाण हाती घेऊन पुढे धावताना पडला, असे सांगतात. त्याच जागी तोफगोळ्यांनी जमीन अशी नांगरली गेली की, त्याचे शव मिळाले नाही.

त्याची पत्नी मार्गारीता ही नारीश्किन या मोठ्या घराण्यातील. पूर्वीच्या एका मोहिमेत ती नवऱ्याबरोबर गेली होती. या खेपेस कडेवर तान्हा मुलगा असल्यामुळे तिला मागे राहावे लागले. बातमी कळल्यावर, फ्रेंच सैन्य निघून जाताच, ती बोरोदिनोला आली. मोजाइस्कजवळच्या मठातील एका वृद्ध साधूला बरोबर घेऊन ती त्या हजारो प्रेतांतून नवऱ्याचा शोध करीत फिरली. एक एक प्रेत पाहावे, ओळख पटली नाही म्हणजे पुढे जावे, आणि साधूने त्या अनोळखी जिवासाठी प्रार्थना म्हणावी, असे ते चालले होते. तिला नवरा सापडला नाही.

तेव्हा तिने ठरवले की, देह मिळत नाही तर ज्या जागी तो पडला त्या जागी देऊळ बांधावे. मधल्या मोर्चाच्या जागेची जमीन तिने मिळवली, आपले हिरे विकले, झारनेही देणगी दिली, आणि १८२० साली तेथे एक लहानसे ख्रिस्तमंदिर पुरे झाले. नवऱ्याच्या पलटणीची ख्रिस्तमुखाची पवित्र प्रतिमा तिच्याजवळ होती. ती तेथे ठेवण्यात आली. हे मंदिर घुमटी वजा, अगदी साधे आहे. त्यावर विजयाचा शब्द नाही.

तिच्या दुःखाची परिसीमा अद्याप व्हावयाची होती. १८२५ च्या डिसेंबरातील अयशस्वी उठावाशी संबंध असल्याबद्दल तिचा भाऊ मिखाईल पकडला गेला आणि पुढे त्याला सैबेरियात पाठवण्यात आले. १८२६ साली तिचा एकुलता एक मुलगा निकोलाय वयाच्या १५व्या वर्षी वारला. त्याला तिने त्याच मंदिरात पुरले आणि स्वतः तेथेच एका लहान घरात राहू लागली. तिच्या पाठोपाठ आणखी निराधार स्त्रिया आल्या. कोणी युद्धात नवरा गेलेली, कोणी घरातून टाकलेली. त्यांचे हळूहळू एक कुटुंब झाले. १८३८ साली त्या कुटुंबाला मठाचा दर्जा मिळाला. १८४० साली तिने मारिया हे नाव घेऊन पूर्ण संन्यास स्वीकारला आणि ती त्या मठाची पहिली अधिकारिणी झाली. १८५२ साली ती निवर्तली, तेव्हा तिला तिच्या मुलाशेजारीच ठेवण्यात आले. चाळीस वर्षे एका मातीच्या मोर्चाची राखण तिने केली; आणि ही राखण कोणत्याही फौजेने केलेल्या राखणीपेक्षा लांबली.

राज्याचे स्मारक आले ते लढाईनंतर २७ वर्षांनी. १८३९ साली झार पहिला निकोलस याच्या उपस्थितीत, लाखाहून अधिक सैन्य जमवून, रायेव्हस्कीच्या दमदम्याच्या जागी ओतीव लोखंडाचा एक उत्तुंग अष्टकोनी स्तंभ उघडण्यात आला. त्याचा आराखडा आदामीनी या स्थपतीचा. स्तंभाच्या माथ्यावर घुमट व क्रूस होता. त्याच्या पायथ्याशी बाग्रातिओनचे अवशेष आणून पुन्हा पुरण्यात आले. ही सूचना देनीस दाविदॉव्ह याची. तो कवी होता, १८१२ मध्ये शत्रूच्या पिछाडीवर गनिमी छापे घालणारा योद्धा होता, आणि बोरोदिनो हे त्याच्या घराण्याच्या मालकीचे गाव होते. दुर्दैवाने समारंभाच्या काही महिने आधीच तो वारला. स्मारकाजवळ जुन्या शिपायांसाठी एक घर बांधण्यात आले. येणाऱ्यांना मैदान दाखवणे आणि स्तंभाची देखभाल करणे, हे त्या शिपायांचे काम.

१८६७ च्या सप्टेंबरात एक लेखक आपल्या पत्नीच्या १२ वर्षांच्या भावाला बरोबर घेऊन तेथे आला. तो मठाच्या अतिथिगृहात उतरला. त्याने घोड्यावरून सारे मैदान हिंडून पाहिले, सूर्य कोठून उगवतो आणि कोणाच्या डोळ्यांवर येतो याची टिपणे केली, आणि एक नकाशा काढला. हा लेखक म्हणजे लिओ टॉलस्टॉय. ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत बोरोदिनोचे जे प्रकरण आहे, त्यामागे त्या दोन दिवसांची पायपीट आहे. सेनापतींच्या आज्ञांनी लढाया जिंकल्या जातात, या समजुतीवर त्याने त्या ग्रंथात जो आघात केला, तो प्रसिद्धच आहे.

१९१२ साली शतसांवत्सरिक उत्सव झाला. दुसरा निकोलस झार स्वतः आला. त्या निमित्ताने ज्या ज्या पलटणी येथे लढल्या होत्या, त्यांच्या तत्कालीन अधिकाऱ्यांनी व शिपायांनी वर्गणी काढून आपापली स्मारके उभारली. अशी तीसहून अधिक स्मारके मैदानभर विखुरली आहेत. गोर्की गावाजवळ, जेथून कुतुझॉव्हने लढाई पाहिली, तेथेही एक स्तंभ उभा राहिला.

परंतु या सर्वांत विशेष आहे ते शेवार्दिनोजवळचे स्मारक. तेथे नेपोलियनचे ठाणे होते. फ्रेंचांना तेथे आपल्या मृतांसाठी ग्रॅनाइटचा स्तंभ उभारण्याची परवानगी देण्यात आली. तो घेऊन येणारे जहाज १९१२ साली वाटेत बुडाले; तेव्हा दुसरा स्तंभ घडवून १९१३ साली उभा करण्यात आला. त्यावर जो लेख आहे तो ‘महासेनेच्या मृतांस’ एवढ्याच अर्थाचा आहे. ज्यांनी मॉस्कोवर चाल केली, त्यांच्या मेलेल्या मुलांना आपल्या भूमीत जागा देण्याइतके मन शंभर वर्षांनी त्या देशाला झाले होते. चितेने जे एका रात्रीत केले, ते माणसांना करावयास एक शतक लागले.

यानंतर या कथेला जे वळण लागले, ते विचार करावयास लावणारे आहे. १९१७ साली झारशाही कोसळली. नव्या राजवटीला जुन्या राजांचे स्तंभ आणि जुन्या धर्माचे मठ डोळ्यांपुढे नको होते. बोरोदिनोचा मठ १९२९ साली बंद झाला. १९३२ साली रायेव्हस्कीच्या दमदम्यावरचा मुख्य स्तंभ पाडण्यात आला आणि बाग्रातिओनची कबर उद्ध्वस्त झाली. मठातील तुचकॉव्ह कुटुंबाच्या कबरीही सुटल्या नाहीत. गुलामीच्या भूतकाळाचे अवशेष जपणे आता पुरे, अशा अर्थाची घोषणा मठाच्या भिंतीवर रंगवण्यात आली होती. नेपोलियनच्या तोफांनी बाग्रातिओनचा पाय घायाळ केला होता. त्याच्या अस्थी उधळण्याचे काम त्याच्या देशबांधवांनी केले. फ्रेंचांच्या मृतांचा स्तंभ मात्र जागच्या जागी उभा राहिला.

ही घोषणा रंगवून नऊ वर्षे होतात न होतात तोच १९४१ चा ऑक्टोबर उजाडला. हिटलरच्या फौजा त्याच स्मोलेन्स्कच्या वाटेने मॉस्कोवर चालून आल्या. त्यांना अडवण्यासाठी मोजाइस्कच्या पुढे जी संरक्षणरेषा आखली गेली, ती बोरोदिनोच्या मैदानातूनच गेली. १३ ऑक्टोबरपासून कर्नल पोलोसूखिन यांच्या हाताखालची ३२ वी रायफल डिव्हिजन येथे लढली. ही डिव्हिजन अतिपूर्वेकडून आगगाड्यांनी आणलेली होती. तिच्यासमोर जर्मनांचे रणगाडे होते. १८१२ च्या स्मारकांच्या मधोमध खंदक खणले गेले आणि काँक्रीटच्या तोफकोठड्या बसवण्यात आल्या. जेथे एके काळी लाकडी चाकांच्या तोफा होत्या, तेथे रणगाडाविरोधी तोफा आल्या. मातीच्या त्याच उंचवट्यांचा पुन्हा त्याच कामासाठी उपयोग झाला. पाच-सहा दिवस त्यांनी शत्रूला रोखून धरले. १८ तारखेला मोजाइस्क पडले. परंतु मॉस्कोच्या संरक्षणाची जमवाजमव करण्यास त्या दिवसांचा उपयोग झाला.

नोव्हेंबरच्या ७ तारखेला मॉस्कोच्या तांबड्या चौकात भाषण करताना स्टालिनने ज्या पूर्वजांची नावे घेऊन सैनिकांना धीर दिला, त्यांत कुतुझॉव्हचे नाव होते. पुढच्या वर्षी कुतुझॉव्हच्या नावाचे सैनिकी पदक सुरू झाले. १९४४ च्या जूनमध्ये बेलोरशियात सोव्हिएट सैन्याने जी प्रचंड मोहीम काढली, तिला नाव दिले ‘बाग्रातिओन’. ज्याची कबर बारा वर्षांपूर्वी फोडली, त्याचेच नाव घेऊन लाखो सैनिक लढाईला निघाले! संकट आले म्हणजे राष्ट्राला आपले पूर्वज आठवतात, हे खरे. परंतु ते आठवण्यासाठी संकट यावे लागावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

१९४२ च्या जानेवारीत हा मुलूख परत मिळाला. माघार घेताना जर्मनांनी तेथील संग्रहालय जाळले; त्यातील वस्तू आधीच हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. पोलोसूखिन त्याच हिवाळ्यात मोजाइस्कच्या पश्चिमेस लढताना मारले गेले. १९६१ साली सारे मैदान संरक्षित स्मारकक्षेत्र म्हणून जाहीर झाले. १९८७ साली, लढाईच्या १७५व्या वर्षी, मुख्य स्तंभ जुन्या नमुन्याप्रमाणे पुन्हा उभा करण्यात आला आणि उद्ध्वस्त कबरीच्या जागी खणून जे अस्थिखंड मिळाले, ते पुन्हा पुरण्यात आले. १९९२ साली मठही संन्यासिनींच्या स्वाधीन झाला.

आज तेथे जाणाऱ्याला एक विलक्षण दृश्य दिसते. १८१२ च्या पलटणीचा स्तंभ आणि १९४१ ची काँक्रीटची तोफकोठडी काही पावलांच्या अंतरावर उभी आहेत. एका उंचवट्यावर झारच्या स्तंभाची प्रतिकृती आहे, तर दुसरीकडे ज्यांची नावेही कोणास माहीत नाहीत अशा शिपायांची थडगी आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तेथे उत्सव भरतो आणि जुन्या पोशाखातील लोक लढाईचा देखावा करतात. त्या धुरात दारूचा वास असतो, रक्ताचा नसतो. पाहणारी मुले टाळ्या वाजवतात.

मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, यात वावगे काही नाही. परंतु त्यांना घरी नेण्यापूर्वी मधल्या मोर्चाजवळच्या त्या लहान मंदिरापाशीही न्यावे. स्मारक दोन प्रकारचे असते. एक सांगते, आम्ही जिंकलो. दुसरे सांगते, आमचे माणूस गेले. पहिल्या प्रकारचे स्मारक राज्य उभारते आणि राज्य बदलले म्हणजे ते पाडलेही जाते, कारण विजयाचा हक्क सांगणारे नेहमी नवे नवे येत असतात. दुसऱ्या प्रकारचे स्मारकही फोडता येते. मार्गारीता तुचकोव्हाची कबर फोडलीच होती. तथापि त्याचा अर्थ फोडता येत नाही. नवरा गेलेल्या बाईचे दुःख कोणत्या राजवटीचे होते, असे कोणी विचारीत नाही. ते दुःख शेवार्दिनोच्या स्तंभाखालील फ्रेंच शिपायाच्या आईला समजले असते, आणि १९४१ साली अतिपूर्वेकडून आलेल्या शिपायाच्या बायकोलाही समजले असते.

त्यानंतरही पूर्व युरोपच्या विस्तीर्ण मैदानी प्रदेशात पुन्हा खंदक खणले गेले आहेत, पुन्हा मातीचे बांध घातले गेले आहेत. ते कोणी जिंकले, हे उद्याचे दगड सांगतील, आणि दोन्हीकडचे दगड आपापले सांगतील. परंतु प्रेतांच्या रांगांतून एखादी बाई हातात कंदील घेऊन कोणाला शोधीत असेल, तर तिची नोंद कोठे होते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. बोरोदिनोच्या मैदानावर ती झाली. म्हणूनच मातीचे ते तीन मोर्चे, एका दिवसात पडूनही, अद्याप पडलेले नाहीत.